चौथी हाक

खोलीत एक खाट, एक वॉकर, पाण्याचा एक तांब्या, गोळ्यांच्या तीन पट्ट्या आणि भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो. फोटोखालच्या फळीवर नवा स्पीकर, नारळाएवढा. खाटेपासून फळी एक मीटर साठ सेंटिमीटर. दाराशी प्रियांकाची भरलेली बॅग.

सव्वापाचच्या एसटीने ती टोकावड्याहून कल्याणला निघणार होती. उद्या तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत हजर झाली नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

आई जाऊन महिना झाला होता. बाबांचं खुब्याचं हाड अजून जुळत होतं. स्पीकरला ‘रिया’ अशी हाक मारून ‘फोन लाव’ म्हटलं, की शेजारच्या गीताबाईचा फोन वाजायचा. ती तीन मिनिटांत यायची. प्रियांकाने घड्याळ लावून पाहिलं होतं.

“परक्या बाईच्या नावानं हाका मारू?” बाबा म्हणाले.

“बाई नाय दादा, डबा हाय तो,” गीताबाई दारातून म्हणाली. “बायकोचं नाव चाळीस वर्सांत घेतलं नाय, आता हिचं घ्या.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी दहा हाका मारल्या. पूर्वी शेताच्या बांधावरून घरात ऐकू यायचा तोच आवाज. स्पीकरचा निळा दिवा दहाही वेळा लागला. प्रियांकाने वहीत लिहिलं : दहापैकी दहा.

“झालं मंग. जा तू, आमी हाव ना,” म्हणत गीताबाई घरी गेली.

पण चाचणी चालू आहे हे बाबांना माहीत होतं. ते माहीत नसताना काय होतं, हे पाहायचं राहिलं होतं.

“मी मागं भांडी घासते. काही लागलं तर रियाला सांगा,” असं सांगून ती मागच्या पडवीत जाऊन बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

तीन बेचाळीसला हाक आली, आईला मारायचे तीच. “अगो!”

ती हलली नाही. गीताबाईकडे फोन वाजला नाही.

“अगो, पानी दे गो.”

मग खाट करकरली. ती आत गेली तेव्हा तांब्या आडवा झाला होता आणि उशी भिजली होती.

“बाबा, रिया म्हणायचं.”

“म्हनायचंच होतं. तोंडातून ते आधी निघतं.”

तिने उशीचा अभ्रा बदलला. मोबाइलवर स्पीकरची सेटिंग उघडली. नाव बदलता येत होतं. यादीत चार नावं होती, त्यातलं एक निवडायचं. चारही तिने वाचून पाहिली आणि यादी बंद केली.

साडेचारला तिसरी हाक. तीही तशीच. या वेळी बाबांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी फळीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि काय हवं होतं ते सांगितलंच नाही.

पाचला गीताबाई परत आली. तिने बॅग उचलली.

“चल गो, फाट्यापर्यंत येते. एसटी कदी टायमाच्या आधी पन सुटते.”

“बाटली भरते,” म्हणत प्रियांका स्वयंपाकघरात गेली. माठात ओगराळं घातलं.

“अगो!”

“आले,” प्रियांका म्हणाली.

गीताबाईने बॅग खाली ठेवली.

बाबांना पाणी देऊन झाल्यावर प्रियांकाने वही उघडली. पुढच्या ओळीत लिहिलं : चौथी हाक. अंतर सहा मीटर, मधे एक भिंत. उत्तर दोन सेकंदांत.