टिलोवर नजर

बस सुटायची वेळ झाली आणि टिलोचा पत्ता नव्हता.

एवाल्डने खेळाडू पुन्हा मोजले. एक कमीच. सबंध दिवस कोच म्हणून तो या डाव्या विंगरच्या मागे सावलीसारखा होता आणि नेमका अंघोळीच्या गडबडीत पोरगा निसटला होता.

पूर्व जर्मनीतून पश्चिमेत फुटबॉलचा सामना खेळायला यायचं तर नियम साधा होता. घरी बायको-मुलं असलेलेच खेळाडू आणायचे. ती मागे अडकलेली असली की माणूस मुकाट परत येतो. टिलो सडाफटिंग, म्हणून एवाल्ड त्याला घरीच ठेवणार होता. पण संघावर पहारा ठेवायला आलेल्या पक्षाच्या झाइडलसाहेबांनीच आग्रह धरला. एरवी हा माणूस गोलच्या जाळीतही कटकारस्थान शोधायचा. हिवाळ्यात बायको वारल्यापासून साहेब मवाळ झालेत, अशी एवाल्डने स्वतःची समजूत घातली.

निघतानाच साहेबांनी बजावलं होतं, “एक जरी तिकडे राहिला तर क्लबला कुलूप. त्या टिलोवरून नजर हलवू नका, एवाल्ड. बाकीच्यांचं मी बघतो.” मग सगळ्यांचे पासपोर्ट भरलेली बॅग मांडीवर घेऊन ते निवांत बसले होते.

एवाल्डच्या आजोबांनी बटाट्याचं शेत सपाट करून हा क्लब काढला होता. कैसर गेला, नाझी गेले, क्लबचं नाव चारदा बदललं. वरच्या फळीचं तोंड कधी पाहिलं नाही, पण क्लब मोडला नाही. आता एका पोरट्यापायी तो बुडणार होता.

“तुम्ही स्टेशनकडे पळा,” साहेब बसमधून उतरत म्हणाले. “मी मैदानामागे बघतो.”

एवाल्ड पळत सुटला. स्टेशनच्या अलीकडे चर्च होतं. नवरानवरीला शुभेच्छा द्यायला नटूनथटून लोक रांगेत उभे होते आणि त्या रांगेत, क्लबच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये, टिलो.

“इथे काय करतोयस रे, गाढवा?”

“रांग दिसली, कोच. उभा राहिलो,” टिलो म्हणाला. “पुढे काय मिळतंय, ते काही दिसेना.”

हसावं की थोबाडीत द्यावी, एवाल्डला कळेना. सदा टंचाईत वाढलेला आपल्याकडचा कोणीही हेच करता, तोसुद्धा. दंडाला धरून त्याने टिलोला बसपर्यंत ओढत आणलं, सीटवर आदळलं आणि सगळी डोकी पुन्हा मोजली. भरली. त्याचे डोळे पाणावले. क्लब वाचला होता.

“चल, सोड गाडी,” तो म्हणाला.

“साहेब यायचेत अजून,” ड्रायव्हर म्हणाला.

पुढच्या सीटवर साहेबांची बॅग होती. एवाल्डने ती उघडली. सगळ्यांचे पासपोर्ट नीट रचून ठेवलेले होते. झाइडलसाहेबांचा तेवढा नव्हता.