शेवटची बांधी

कापत कापत तिघं जवळ आले, तेव्हा बांधीच्या मधोमध दोन खाटा मावतील एवढंच धान उभं राहिलं होतं. एका अंगानं बायनाबाई, समोरून तिचा मुलगा खुशाल आणि डावीकडून सून हर्षा. सावली तालुक्यातल्या त्या गावातली ही अगदी टोकाची बांधी. धुऱ्याचा बांध ओलांडला की सागाचं जंगलच सुरू होई.

खुशाल सकाळपासून रानडुकरांच्या नावानं बोटं मोडत होता. कोपऱ्यातलं अर्धं धान त्यांनी लोळून मातीत घातलं होतं. आता उरलं तेवढं आटपू आणि घरी जाऊनच जेवू, असं हर्षाचं म्हणणं होतं. बायनाबाई बोलत नव्हती. ती कापायला बसली की बोलत नसे.

खुशालनं पुढची मूठ धरली आणि आतलं धान हललं. त्यानं मान वर करायच्या आत डुकरीण त्याच्या अंगावर आली.

तो उताणा पडला. इळा हातातून उडाला. डुकरिणीनं त्याची मांडी तोंडात धरली आणि कुत्रं चिंधी झटकतं तशी झटकली. हर्षानं धुऱ्यावरची काठी उचलून तिच्या पाठीत घातली. दुसरा तडाखा घातला, तिसऱ्याला काठी मोडली. डुकरिणीनं मांडी सोडली नाही. खुशालचं ओरडणं आता ओरडण्यासारखं राहिलं नव्हतं, नुसता घशातून आवाज येत होता.

बायनाबाई धावली नाही. ती होती तिथून उठली, उभ्या धानातून सरळ चालत आली आणि डुकरिणीच्या पाठीवर बसली. डाव्या हातानं तिनं मानेवरचे राठ केस धरले. उजव्या हातातला इळा गळ्याखालून घातला आणि धानाची मूठ कापावी तसा आपल्याकडे ओढला.

एका ओढीत काही झालं नाही. कातडं जाड होतं. डुकरीण तिला घेऊन फिरली, खुशालला फरफटत. बायनाबाईचा गुडघा दगडावर आपटला, लुगडं फाटलं. तिनं केस सोडले नाहीत. ती ओढत राहिली. इळ्याचे दाते कुठंतरी आत अडकले, मग सुटले, आणि गरम रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं. तरी ती ओढतच होती. डुकरिणीचे पुढचे पाय दुमडले, ती कुशीवर कलंडली. हर्षानं ओरडून सांगितलं की मेली ती, सोडा आता, तेव्हा कुठं बायनाबाईच्या ध्यानात आलं.

शेजारच्या बांधीतून संघपाल आणि त्याचा भाऊ मिथुन धावत आले. दोघांनी मिळून डुकरिणीचा जबडा उघडला. मांडीचं मांस लोंबत होतं. हर्षानं डोक्याचा दुपट्टा सोडून जांघेशी आवळून बांधला. मिथुननं मोटारसायकल धुऱ्यापर्यंत आणली. खुशालला मधे बसवलं, मागून त्याला धरायला हर्षा बसली. चौथ्या माणसाला जागा नव्हती.

"जा तू," बायनाबाई सुनेला म्हणाली. "त्याले झोपू देऊ नको. मी येतो मांगून."

गाडी गेली. बायनाबाई धुऱ्यावर बसली. गुडघा सुजत होता, तिला उठता येत नव्हतं.

गावातली माणसं जमली. वनरक्षक येईपर्यंत कोणी हात लावू नका, असं म्हातारा श्रीहरी सांगत होता. दोघं-तिघं डुकरिणीच्या मांडीकडं पाहत होते आणि आपसात हळू बोलत होते. कोणीतरी पाण्याचा लोटा आणला. बायनाबाई पाणी प्यायली, पण तिनं हात धुतले नाहीत. मिथुन दवाखान्यात पोचला असेल का, एवढंच ती दर थोड्या वेळानं विचारी.

शेवटी संघपालचा फोन वाजला. हर्षा बोलत होती. रक्त थांबलं होतं. टाके घातले होते. आता गडचिरोलीला नेणार होते, पण जीवाला धोका नाही आणि पायही राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. संघपालनं ते सगळं तिला पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

बायनाबाईनं मान हलवली. मग लोट्यात उरलेल्या पाण्यानं तिनं हात धुतले.

माणसं पांगली. श्रीहरी वनरक्षकाची वाट पाहायला रस्त्याकडं गेला. बायनाबाईला घरी न्यायला संघपाल बैलबंडी जुंपायला निघाला होता, तो मधेच थांबला. उरलेल्या उभ्या धानातून एक पिल्लू बाहेर आलं होतं. अंगावर पिवळे पट्टे, मांजराएवढं. त्याच्यामागून दुसरं. मग आणखी तीन. कोणाकडंही न पाहता ती धावत डुकरिणीपाशी गेली, तिच्या पोटाशी एकमेकांवर चढली आणि प्यायला लागली.

संघपालनं मोडलेल्या काठीचा जाड तुकडा उचलला.

"आताच निपटवतो," तो म्हणाला. "मोठी झाली का हेच येतीन आपल्या बांधीत."

तो पिल्लांजवळ पोचला, काठी वर गेली.

"संघपाल," बायनाबाई म्हणाली. "पिऊ दे त्याईले. मंग मारजो."

त्यानं वळून पाहिलं. ती त्याच्याकडं पाहत नव्हती. काठी खाली टेकवून तो तिथंच उभा राहिला.

पिल्लं ढुसण्या देत पीत होती. त्यांच्या ढुसण्यांनी डुकरिणीचं अंग हलत होतं.