सोलच्या अंगावर काळसर लव

"सोल. गोरी, गुलाबी झाक. कालपर्यंत मान खाली घालून होती, आज वर केली. अंगावर काळसर लव. हात लावला नाही."

नवऱ्याच्या वहीतलं हे हेरदिसनं दोनदा वाचलं. आमच्या या उत्तरेकडच्या बेटाच्या भाषेत सूर्य बाई आहे, सोल म्हणतात तिला. पण या खाडीकाठी सोल म्हटलं की एकच, धक्क्याजवळची विधवा सोलबोर्ग. गोरीपान. आणि लव कसली? ओठावर चांगली मिशी आहे मेलीला!

"हात लावला नाही म्हणे. उपकारच केलेस!" ती रिकाम्या घराला म्हणाली. केतिल सकाळीच थर्मास घेऊन खडीच्या माळावर गेला होता. तीस वर्षांत तिला कधी 'चल' म्हणाला नव्हता. हेरदिसच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बूट चढवून ती तणतणत निघाली.

माळावर ना माती, ना गवत. मेंढरंही तिकडं फिरकत नाहीत. तिथं केतिल एकटाच पालथा पडला होता.

"कुठाय ती तुझी सोल?"

"हळू! पाय बघून टाक." त्यानं मानही वळवली नाही. "ही काय."

दगडांतून वर आलेल्या वीतभर देठावर एक फूल होतं. चार पाकळ्या, देठाला काळसर लव. मेलासोल! म्हणजे माळावरची सोल, खसखशीच्या जातीचं रानफूल. पिवळी तर माळभर होती, पांढरी ही एकटीच. हेरदिसला हायसं वाटलं. स्वतःचंच हसूही आलं.

"चांगल्या मातीत नेली तर मरेल बघ," केतिल म्हणाला. "हिला काही लागत नाही गं. फक्त ऊन. दिवसभर तोंड उन्हाकडं फिरवत असते, वेडी."

वेडी! एवढ्या मऊ आवाजात तो आपल्याशी शेवटचं कधी बोलला, हेरदिसला आठवेना. हसू कुठल्या कुठं गेलं. सोलबोर्ग असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिचं काय उपटणार?

"हेरदिस, जरा सरक ना. तिच्या अंगावर तुझी सावली पडतेय."

हेरदिसनं कोटाची बटणं काढली, दोन्ही बाजू हातांनी फाकवल्या आणि होती तिथंच उभी राहिली.