भुसवड्यांचा वानवळा

गव्हाचा चीक काढून कुरडया घातल्या की मागं चोथा उरतो. तो टाकवत नाही म्हणून नांदेडच्या मंजुळाबाई त्यात लसूण, मिरची, तीळ घालून भुसवड्या वाळवायच्या आणि दर उन्हाळ्यात नायगावच्या नणंदेला, तुळजाबाईंना, वानवळा म्हणून धाडायच्या. पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या डब्याकडं हात जायचा, पण व्याह्यांना, पाहुण्यांना लागतील म्हणत त्या झाकण पुन्हा घट्ट लावायच्या. मन खायचं. मग 'आवडीनं खातात की त्या,' अशी स्वतःचीच समजूत घालायच्या.

यंदा भुसवड्यांची पिशवी बांधून दारापाशी ठेवली होती, तेवढ्यात तुळजाबाई स्वतःच आल्या. टेकायच्या आधी त्यांनी आपल्या पिशवीतून मोठा डबा काढून वैनीपुढं ठेवला. आत काठोकाठ कुरडया, एकही तुटलेली नाही.

"एवढ्या? घरी काही ठिवल्या का न्हाई?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"आमच्यासाठी भुसवड्या ठिवल्या की," तुळजाबाई म्हणाल्या आणि डबा वैनीकडं सरकवत पुढं बोलल्या,

"दरसाली तुम्ही भुसवड्याच धाडता, वैनी. मला वाटलं, कुरडया तुमच्याच घरात पुरत नसतील."