पिकला का गं?

प्चुम बेनचे, पितर परतून येण्याचे, पंधरा दिवस सुरू झाले आणि परसातल्या भोपळ्यावर रोज सकाळी चन्नारीला नखाची एक ताजी खूण दिसू लागली.

"उंदीर असेल," नवरा म्हणायचा.

चन्नारी त्या खुणेवरून बोट फिरवायची. गेल्याच महिन्यात अंथरुणाला खिळलेली आई रोज विचारायची, "पिकला का गं? नख लावून बघ." नख सहज रुतायचं. "कच्चाय अजून, जरा थांब," चन्नारी म्हणायची. आई काही थांबली नाही.

पंधराव्या दिवशी, पितरांना वाढायच्या शेवटच्या सकाळी, भोपळ्यावर नवी खूण नव्हती.

"दमला वाटतं तुझा उंदीर!" नवरा हसला.

चन्नारीने वाकून भोपळ्यावर आपलं नख दाबलं.

तिचंही रुतलं नाही.