आईनं भरलेला डबा

समोरच्या खानावळीत आपली बायको जेवतेय, हे लिफ्टच्या मेकॅनिकला जिन्याच्या खिडकीतून दिसलं आणि हातातला पाना हातातच राहिला. बाई चांगली मन लावून जेवत होती. भात, भाजी, वर वाटीभर आमटी. शेजारच्या खुर्चीवर निळी पिशवी होती, अगदी पाहुण्यासारखी बसवलेली. पिशवीत डबा. सकाळी आईनं भरून दिलेला.

"अस्सं!" तो स्वतःशीच म्हणाला.

रागावला तो, आणि का रागावू नये? वडील गेल्यापासून आई त्या एका डब्याच्या आधारानं उभी होती. तीस वर्षं तिनं नवऱ्याचा डबा भरला, मग मुलाचा, आता सुनेचा. डबा भरताना स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही, हा तिचा शिरस्ता. गेल्या वर्षी त्यानं लाडीगोडीनं सांगून पाहिलं होतं, "आई, पुरे आता, आराम कर." झालं! दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, पाण्याचा घोटही घेईना. शेवटी बायकोच तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, मला बाहेरचं सोसत नाही. माझा डबा तुम्हीच भरा." तेव्हा कुठे आई उठली.

त्याचा डबा मात्र सहा महिन्यांपूर्वी बायकोनंच बंद करवला. "औजारांच्या पेटीत सगळा तेलकट होतो. तुम्ही आपले बाहेर खात जा." तेव्हापासून तो मिळेल ते खात होता आणि आईच्या हातच्या चवीला मुकला होता. आणि ही बाई ती चव खुर्चीवर बसवून ठेवते!

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको डबा घासून उठत होती.

"आई, आजची भाजी काय झाली होती म्हणून सांगू!" ती म्हणाली. "अर्धी तर कामावरची बरोबरची मुलगीच खाऊन गेली."

आईचा चेहरा खुलला. "मीठ बरोबर पडलं होतं ना?"

"अगदी बरोबर."

काय पण थाप! मेकॅनिकचे कान गरम झाले, पण आईसमोर तमाशा नको म्हणून त्यानं ओठ दाबून शर्ट पुढे केला. सकाळीच त्याचं बटण तुटलं होतं. तेव्हा त्यानं आईच्या शिवणकामातली बटणांची बरणी पाहिली, तर ती रिकामी. आता बायकोनं तीच बरणी खाली काढली, तर काठोकाठ भरलेली.

"सकाळी यात काही नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्ही झोपेत असाल."

बटण हाताला ओलसर लागलं. तिनं ते ओढणीला पुसलं आणि मान खाली घालून टाके घालू लागली. मग झोपायच्या आधी रोजच्यासारखा गॅसचा सिलेंडर बंद केला. तो सकाळी चहाच्या वेळी ती आपल्याच हातानं उघडायची. भित्रीच आहे, हे त्याचं ठरलेलं मत होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं दारात पिशवी दिली. "सगळं खा गं पोरी. टाकू नकोस."

"टाकीन कशी, आई?"

पिशवी खुळखुळली. तळमजल्यावर उभं राहून सातव्या मजल्यावरच्या लिफ्टचं दुखणं आवाजावरून सांगणारा माणूस तो. चमचा असेल, असं म्हणून त्यानं चपला घातल्या. डोक्यात दुसरंच चाललं होतं.

दुपारी तो सरळ खानावळीत शिरला आणि बायकोसमोर जाऊन बसला.

"चालू दे. तुला बाहेरचं सोसत नाही ना?"

तिचा घास हातातच राहिला. "तुम्ही इथं कसे?"

"ते सोड. किती दिवस चाललंय हे?"

"घरी बोलू या ना."

"घरी आई आहे. तिला कळलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. आणि या खेपेला उठायची नाही ती."

"म्हणूनच म्हणते, घरी गेल्यावर हा विषय काढू नका."

"अगं, म्हातारी पहाटे उठते तुझ्यासाठी! तिच्या हातचं एवढं जड झालं होतं, तर मला द्यायचास. मी चाटूनपुसून खाल्ला असता तो डबा."

बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या कामाला होती. दिवसभर लोकांची उघडी तोंडं पाहणारी ही बाई स्वतःचं तोंड मात्र घट्ट मिटून बसली होती. तिनं आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"सांगणारच होते. धीर होत नव्हता. आधी चार घास खाऊन घ्या, मग सांगते."

"मी आईच्या हातचंच खाणार." त्यानं पिशवी ओढली.

तिनं पिशवीचा बंद धरून ठेवला. "नका ना. निदान इथं नको."

"सोड."

तिनं सोडला. तिचे डोळे भरून आले होते. चोरी पकडली गेली की असंच होतं, त्याच्या मनात आलं, आणि तरीही त्याला क्षणभर तिची कीव आली. त्यानं डबा टेबलावर ठेवला, कडी सोडवली आणि झाकण काढलं.

आत बटणं होती. शर्टाची पांढरी, फ्रॉकची निळी, कोटाची मोठी काळी. हातानं नीट दाबून बसवलेली, वर बेतानं भुरभुरलेलं मीठ, आणि कडेला लिंबाची ताजी फोड.