दुसरी बाही

शिलाईकाकूंचा नियम मोठा कडक. चाळिशी उलटलेल्या गिऱ्हाइकाच्या ड्रेसला आधी एकच बाही लावायची. दुसरी बाही, छातीची तपासणी करून आल्याचा कागद दाखवल्यावर.

मास्तरीणबाई एका बाहीच्या ड्रेसातच कागद नाचवत आल्या. "घ्या! गाठबीठ काही नाही. संध्याकाळी लेकीचं लग्न आहे, लावा आता बाही."

काकू सुईत दोरा ओवू लागल्या.

"काकू, तुमचा कागद कुठाय?"

दोरा हातातून निसटला. "माझा? अगं बाई, मला त्या मशीनची भीती वाटते गं."

"उठा आधी! नवरदेव थांबेल तासभर." मास्तरीणबाईंनी त्यांना तसंच ओढत दवाखान्यात नेलं.

तपासणीच्या खोलीचं दार मशीनवाल्या बाईंनी हसत उघडलं. त्यांच्याही ड्रेसला एकच बाही होती.